भात कापून पडलेले असताना आभाळ आले तर



दिवाळी म्हटली की शहरातल्या माणसाला आकाशकंदील आणि फराळाचे ताट आठवते. मावळातल्या माणसाला त्याच्याही आधी भाताचे खाचर आठवते. आपल्याकडे सण आणि सुगी एकाच आठवड्यात दारात उभी राहतात. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळायचे, ताट खाली ठेवायचे आणि विळा हातात घ्यायचा, ही आपली तऱ्हा. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई ओटीवर बसलेले असतात, पोरांच्या शाळेला सुट्टी असते, आणि घरातली कर्ती माणसे खाचरात असतात. अशा दिवसांत पाऊस आला तर नुसता सण बुडत नाही, घरचे वर्षाचे खाणे बुडते.

म्हणून या खेपेला हाच विषय घेतला आहे. पावसाळ्याची तयारी आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. आगोटीला घर शाकारणे, लाकूडफाटा आत घेणे, मीठ-मिरची भरून ठेवणे कुणी शिकवावे लागत नाही. पण थंडीच्या तोंडाशी येणाऱ्या वादळाची तयारी आपल्या अंगात भिनलेली नाही. पूर्वी ते क्वचित यायचे. आता ते क्वचित राहिलेले नाही.

२०१९ सालची दिवाळी आठवा. त्या वर्षी २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. त्याच दिवशी अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे वादळ महाचक्रीवादळाच्या पायरीला पोहोचले. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात एवढे मोठे वादळ झाले नव्हते. भाऊबीज उरकते न उरकते तोच ३० तारखेला दुसरे, 'महा' नावाचे वादळ उठले. एकाच समुद्रात एकाच वेळी दोन वादळे! गंमत अशी, की यातले एकही आपल्या किनाऱ्याला लागले नाही. क्यार ओमानच्या बाजूला निघून गेले, महा समुद्रातच विरले. तरीही इकडे पाऊस थांबेना. कापलेले भात खाचरातल्या पाण्यात भिजले, उभे होते ते लोळले, आणि लोंब्यांना जागच्या जागी मोड आले. मावळातच नव्हे, कोकणापासून नाशिकपर्यंत हीच कथा झाली. राज्यात तेव्हा सरकार बनलेले नव्हते. राज्यपालांनी नोव्हेंबरच्या मध्यावर खरिपाच्या पिकांना हेक्टरी आठ हजार रुपये आणि फळबागांना अठरा हजार रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत, अशी मदत जाहीर केली. एक हेक्टर भात लावायला, लावणीच्या मजुरीसकट, काय लागते ते तुम्हीच मनाशी मोजा.

यातून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायची. "वादळ ओमानला चालले आहे, आपल्याला काय त्याचे?" असे म्हणून चालत नाही. समुद्रातले वादळ हे मोठ्या रहाटासारखे असते. त्याचा आस शेकडो कोस दूर असला तरी त्याच्या कडेचे ढग सह्याद्रीवर येऊन आपटतात, आणि आपण तर बरोबर सह्याद्रीच्या माथ्याखाली बसलो आहोत. अरबी समुद्रात वादळाचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या आधी, मे-जूनचा. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा. २००९ साली 'फयान' ११ नोव्हेंबरला अलिबागेजवळ किनाऱ्याला लागले होते, ते जुन्या माणसांना आठवत असेल. थंडीत आणखी एक पाहुणा येतो. उत्तरेत हिमालयाकडे पाऊस-बर्फ पाडणारे वारे पश्चिमेकडून वाहत येतात. त्यांची एखादी लाट खाली उतरली आणि त्याच वेळी समुद्रावरून ओल आली, की महाराष्ट्रात हिवाळ्यात पाऊस होतो, कधी गारा पडतात. जुनी माणसे याला अवकाळ म्हणत. नाव अगदी चपखल आहे.

आता हे आधी कळायचे कसे? मुंग्यांनी अंडी वर नेली, कावळ्याने घरटे कुठल्या फांदीला बांधले, या खुणांना मी हसत नाही. त्या पाहणाऱ्याची नजर शाबूत ठेवतात. पण कावळ्याचे घरटे नोव्हेंबरातले वादळ सांगणार नाही. ते सांगणारे पुण्यालाच बसले आहेत. शिवाजीनगरच्या ज्या वेधशाळेला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, ती १९२८ पासून तिथे आहे. तिथून जिल्ह्यावार इशारा निघतो, तोही रंगात. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीला लागा. लाल म्हणजे हातातले काम टाकून जीव आणि जनावर सांभाळा. माझे सांगणे एवढेच, की भात कापणीच्या दिवसांत पिवळ्यालाच केशरी समजावे. शहरातल्या माणसाला पिवळ्या इशाऱ्याचा पाऊस म्हणजे छत्री. आपल्याला तो म्हणजे भिजलेली लोंबी.

विजेसाठी वेगळी सोय आहे. पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाईलवर चालणारे साधन काढले आहे. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का, ते त्यावर दिसते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा, तो दोन मिनिटांत फोनवर घालून देईल. आणि फोन नसेल तर जुना हिशेब आहेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सावकाश अंक मोजायचे. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. विळा-कोयता खाली टाका, खाचरातून बाहेर या, झाडाखाली मुळीच उभे राहू नका, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. चार पेंढ्या वाचवायला गेलेला माणूस घरी आला नाही, असे दरसाल कुठे ना कुठे घडतेच.

भाताकडे येतो. मावळचा इंद्रायणी तांदूळ आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला आणि आज पुण्या-मुंबईला त्याच्या नावावर काय काय विकले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. त्याचा सगळा भाव वासावर आणि अखंड दाण्यावर. एकदा भिजून वाळलेल्या दाण्याची कणी होते, रंग उतरतो, आणि व्यापारी पोत्यात हात घालताच ओळखतो. म्हणून कापणीची वेळ साधणे हे निम्मे काम आहे. लोंबीतले शंभरातले ऐंशी-नव्वद दाणे पिवळे झाले की भात कापणीला आले. शेंड्याकडचे चार दाणे हिरवे आहेत म्हणून आठ दिवस थांबू नये. सण उरकून मग कापू, हा विचारही सोडावा. पाहुणे काही परके नसतात. जावयाच्या हातात विळा दिला तर काही बिघडत नाही, उलट दोन घास जास्तच जातात त्याला!

उलट बाजूही तितकीच खरी. आभाळ येणार असा इशारा असेल आणि भात अजून उभे असेल, तर घाईने कापू नये. उभ्या भातावरून पाणी निथळून जाते. कापून पसरलेले भात पाणी पिऊन बसते. इशारा आल्यावर कापणी थांबवायची आणि जेवढे कापून पडले आहे तेवढे उचलायचे, हा नियम. उभ्या खाचरातले पाणी काढायला उताराच्या बाजूचा बांध वीतभर फोडून ठेवावा, खाचराच्या कडेने चर मोकळा करावा. उंच वाढणारा आंबेमोहोर वाऱ्याने हमखास लोळतो. लोळलेल्या भाताचे चार-पाच चूड एकत्र धरून, त्याच्याच पात्याने बांधून उभे करावेत. लोंबी चिखलाला टेकली नाही तर पुष्कळसे वाचते. पक्व भात लोळून ओले राहिले आणि मोड येण्याची धास्ती असेल तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवून लोंब्यांवर फवारतात. शेतीखात्याची माणसेही हे सांगतात. बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यावर मात्र हा प्रयोग नको.

कापलेल्या भाताचे काय? उचलता येईल तेवढे उचलून पडवीत, ओटीवर, समाजमंदिरात, मिळेल तिथे न्यावे. जागा नसेल तर खळ्याच्या उंचवट्यावर, खाली लाकडे किंवा दगड मांडून त्यावर उडवी रचावी. लोंब्या आत, बुडखे बाहेर, आणि माथा घराच्या आढ्यासारखा उतरता. वर ताडपत्री टाकावी, पण ती पायापर्यंत गुंडाळू नये. खालून वारा खेळला नाही तर आतले भात तापते. ताडपत्रीच्या कडांना दगड बांधून लोंबते सोडावेत, नुसते वर ठेवू नयेत. आणि एक: ओल्या पेंढ्यांची उडवी कधीच रचू नये. पावसात भिजलेल्या भातापेक्षा ओले रचलेले भात जास्त नासते. सकाळी हात घालून पाहा, आत वाफ लागते.

हे सगळे एका घराच्या आवाक्यातले नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. सुट्टीच्या दिवसांत गावात हात कुठे असतात? तरणी पोरे लोणावळ्याला हॉटेलात, बंगल्यांवर, गाड्यांवर. पवना धरणाच्या काठी तंबू लावून शेकोटी पेटवणारी आणि पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढणारीही आपलीच पोरे. त्यांचा वर्षाचा धंदा याच दोन-तीन आठवड्यांत होतो, दिवाळीला आणि पुन्हा नाताळ ते नववर्षाला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, भातापेक्षा त्यात पैसा जास्त आहे. पण इशारा दुपारी येतो, पाऊस रात्री येतो, आणि त्या मधल्या पाच-सात तासांत गावात म्हातारी माणसे, बायका आणि शाळकरी पोरे एवढीच असतात. म्हणून दिवाळीच्या आधी, सगळे गावात असताना, देवळात तासभर बसून सावड ठरवून टाकावी. कुणाचे खाचर सखल आहे, कुणाचे भात आधी पिकते, कुणाकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, कुणाची पडवी मोकळी आहे. ज्या घरी एकटी म्हातारी किंवा विधवा बाई आहे, तिचे भात पहिले उचलायचे, हे नाव घेऊन ठरवावे. नाव न घेता ठरलेले काम कुणाचेच नसते. लोणावळ्याला कामाला असलेल्यांनी निदान एकेक माणूस वाटून घ्यावा, की निरोप आला तर तो निघून येणार. निरोपासाठी ग्रामसुरक्षा यंत्रणेचा फोन आपल्या जिल्ह्यात पुष्कळ गावांनी घेतलेला आहे. एका आवाजात साऱ्या गावाचे फोन वाजतात. तुमच्या गावात तो चालू आहे का, त्यात नव्या सुनांचे, भाडेकरूंचे नंबर घातले आहेत का, हे पोलीस पाटलांना विचारा. नसेल तर देवळाचा भोंगा आहे, आणि तोही वीज गेली तर गप्प. तेव्हा थाळी वाजवणारा एक पोरगा नेमून ठेवलेला बरा.

आता जनावरांचे. २०२१ च्या डिसेंबरच्या १ आणि २ तारखेला जे झाले ते पुणे जिल्ह्याने विसरू नये. आळंदीला माऊलींच्या समाधी सोहळ्याची यात्रा होती. कार्तिक वद्य एकादशी ३० नोव्हेंबरला झाली आणि समाधी दिन २ डिसेंबरला. वारकरी उघड्यावर, राहुट्यांत, आणि वरून दिवसरात्र पाऊस, सोबत झोंबरा गारठा. त्याच रात्री जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत माळावर बसलेल्या मेंढ्यांचे वाडेच्या वाडे गारठले. शेकडो शेळ्या-मेंढ्या मेल्या. त्यांना वीज लागली नाही, पूर आला नाही, साथही नव्हती. नुसती थंडी आणि ओल. लोकर भिजली की ती उबेऐवजी ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटून बसते. पोट रिकामे असले की अंगात ऊब धरत नाही. वारा वाहत राहिला की पहाटेपर्यंत जनावर आडवे होते. कोकरे आणि गाभण मेंढ्या आधी जातात.

दिवाळीनंतर धनगर बांधव आपापले वाडे घेऊन आपल्याकडे उतरतात, आपणही त्यांना खतासाठी शेतात बसवतो. एक-दोन पोती धान्य देऊन त्यांच्या मेंढ्यांचे खत आपण घेतो. मग वादळाचा निरोप त्यांनाही पोहोचवणे हे आपल्याकडेच लागते. त्यांच्याजवळ फोन असतो, पण गावाच्या यादीत त्यांचा नंबर नसतो. ज्याच्या शेतात वाडा बसला आहे, त्याने सांजेला जाऊन सांगावे आणि शाळेची पडवी, पोल्ट्रीची रिकामी शेड, पुलाखाली नव्हे तर उंचावरचा एखादा आडोसा दाखवावा.

घरच्या गोठ्यालाही तोच न्याय. पश्चिमेकडून वारा येतो ती बाजू गोणपाटाने, ताडपत्रीने बंद करा. वरून हवा जायला फट ठेवा, नाहीतर मुताच्या वासाने वासरे ठसकतात. खाली भाताचा कोरडा पेंढा जाड अंथरा. आधीच दोन दिवसांची वैरण आत आणून ठेवा. जनावर भिजलेच तर गोणपाटाने खसखसून पुसा, कोमट पाण्यात गूळ घालून पाजा, कोरडी वैरण पोटभर द्या. नुसते शेकत बसवण्यापेक्षा पोट भरलेले जनावर लवकर सावरते. झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला गुरू बांधू नका. आजारी पडले तर १९६२ या नंबरावर पशुवैद्यकाची फिरती गाडी मिळते. पण गाडी वादळात यायला वेळ लागेल, म्हणून आधीचे उपाय तुमचे तुम्हीच करायचे आहेत.

घरातल्या आया-बहिणींसाठी थोडे. सणाला घरात माणसे दुप्पट असतात, आणि सगळे फराळावर असतात म्हणून दळण टळते. वीज गेली की चक्की बंद, मोटार बंद, नळ बंद. इशारा आला की पहिले काम दळणाचे आणि दुसरे पाण्याचे. हंडे, कळशा, पिंपे भरून झाकून ठेवा. कोरडे जळण, काड्याची पेटी, मेणबत्ती आणि बॅटरी एका डब्यात, आणि तो डबा कुठे आहे हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक हवे. रेशनचे रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, तेव्हा कंदिलाच्या भरवशावर राहू नका. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बाळाचे औषध, आधारकार्डे, सातबारा, बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरात दिवस भरलेली बाई असेल तर वादळ सुरू व्हायच्या आधी तिला कामशेत, वडगाव किंवा लोणावळ्याच्या पाहुण्यांकडे हलवा. घाटातला, धरणाकाठचा रस्ता एक झाड पडले तरी बंद होतो, मग १०८ ची गाडी येणार कुठून?

आणि शेगडीचे. थंडी-पावसात दारे-खिडक्या लावून निखाऱ्याची शेगडी खोलीत ठेवून झोपण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेगडी ओटीवर शेकावी, झोपायच्या आधी बाहेर काढावी. मग घरात पाहुणे कितीही कुडकुडत असोत.

वाऱ्याचा अनुभव आपल्याला 'निसर्ग'ने दिला. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्याला लागले आणि दुपारपर्यंत घाट चढून आपल्याकडे आले. तेव्हा करोनाची टाळेबंदी होती, माणसे घरात होती, हे एका अर्थी बरेच झाले. पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, विजेचे खांब आडवे झाले, पॉलिहाऊसचे कागद चिंध्या झाले. त्यातून शिकण्यासारखे असे, की पत्र्यावर नुसते दगड ठेवून पत्रा थांबत नाही. वारा खालून शिरतो, पत्रा उचलतो आणि दगड झोपलेल्यांच्या अंगावर येतो. पत्रा वाशाला तारेने किंवा नट-बोल्टने आवळलेला हवा. जमले नाही तर जाड दोर छपरावरून आडवा टाकून दोन्ही बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधावा. घरावर झुकलेल्या वठलेल्या फांद्या दिवाळीआधीच उतरवाव्यात. गुलाबवाले बांधव डिसेंबरच्या मध्याला फेब्रुवारीच्या फुलांसाठी छाटणी धरतात. त्यांनी पडदे खाली घेऊन बांधावेत, आणि सांगाडाच मोडण्याएवढा वारा आला तर कागद फाडून मोकळा करावा, असे जाणकार म्हणतात. कागद पुन्हा मिळतो. पाऊस सरला की डावणीकडे लक्ष ठेवा.

पाहुण्यांचा विषय टाळून चालणार नाही. सुट्टीत लोणावळा, लोहगड, तिकोना, राजमाची, पवनाकाठ माणसांनी फुललेला असतो. २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत द्रुतगती मार्गावर घाटात गाड्यांच्या रांगा कशा लागल्या होत्या ते साऱ्यांनी पाहिले. त्यात वादळ आले तर रुग्णवाहिकाही रांगेतच. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळला, चार माणसे गेली. तो पावसाळ्याचा दिवस होता, रविवार होता. गर्दी आणि पाणी एकत्र आले की काय होते ते आपण दारातच पाहिले. इशारा लाल किंवा केशरी असेल तर तंबूवाल्या पोरांनी पैशाचा मोह सोडून तंबू उतरवावेत. धरणाच्या मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा तंबूला पतंग करतो, आणि तंबूचा लोखंडी खांब विजेला आमंत्रण देतो. पाहुण्यांना पक्क्या घरात किंवा शाळेत न्यावे. शाळेची किल्ली सुट्टीत गुरुजींबरोबर गावाला जाते, ती आधीच सरपंचांकडे ठेवून घ्यावी. गडावर माणसे अडकली तर आपण अंधारात दोर घेऊन धावू नये. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि मावळची वन्यजीव रक्षक संस्था यांची पोरे या कामात मुरलेली आहेत. त्यांना वाट दाखवणारा गावकरी मात्र लागतो, तो तयार ठेवावा. इतर वेळी ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हे नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपली तरी शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

कातकरी वाड्यांत कुडाची घरे असतात. दिवाळीनंतर तिथली पुष्कळ माणसे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात, मागे म्हातारी आणि पोरे उरतात. गावच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही. या खेपेला बोलवा. शाळेची पडवी उघडली तर पहिली जागा त्यांची.

वादळ गेल्यावर सकाळी बाहेर पडताना खाली पडलेल्या तारेला पाय लावू नका, काठीनेही उचलू नका. १९१२ वर कळवा आणि तिथे माणूस उभा करा. नुकसानीचे फोटो आधी काढा, साफसफाई नंतर. एक फोटो लांबून, ज्यात खाचराची ओळख पटेल अशी खूण असेल, आणि एक जवळून. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पंचनामा तोच करतो. शासनाच्या मदतीला पिकाचे तेहतीस टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान दिसावे लागते. पंचनाम्यावर सही करताना क्षेत्र आणि गट नंबर वाचून घ्या. विम्याचे मात्र जपून. २०२३ च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आणि काढणीनंतरच्या नुकसानीचे, बहात्तर तासांत कळवण्याचे जुने कलमही तेव्हा गळले. भरपाई पीक कापणीच्या प्रयोगावर गेली. तेव्हा हप्ता भरताना त्या हंगामाला काय काय धरले आहे, ते शेती कार्यालयात विचारून घ्या. शेजाऱ्याला मागे मिळाले म्हणून आपल्याला मिळेलच, असे नाही.

नाणे मावळातल्या एका भगिनीने पत्रात विचारले आहे, की भिजलेले भात वाळवायचे कसे, आणि मोड आलेल्याचे काय करायचे. ताई, पेंढ्या सोडून, लोंब्या वर करून, भिंतीला किंवा बांबूच्या आडव्या दांडीला उभ्या टेकवा, पाणी निथळू द्या. मग लगेच झोडून घ्या, ओल्या पेंढ्यात दाणा ठेवू नका. झोडलेले भात पडवीत ताडपत्रीवर दोन बोटे जाड पसरा आणि तास-दोन तासांनी पायाने नांगरल्यासारखे फिरवा. रात्री ढीग करू नका. ऊन पडले तरी एकदम डांबरी रस्त्यावर टाकू नका, दाणा तडकतो आणि गिरणीत कणी निघते. सावलीत दोन दिवस, मग कोवळ्या उन्हात. दाताखाली 'कट' असा आवाज आला की पोत्यात भरायला हरकत नाही. मोड आलेले भात बियाण्याला अजिबात ठेवू नका. मोड बारीक असेल आणि बुरशी नसेल तर वेगळे वाळवून, भरडून कोंबड्यांना घाला. काळा-हिरवा बुरसा धरलेला दाणा किंवा पेंढा गाभण म्हशीला आणि दुभत्या गाईला देऊ नका. तो उकिरड्यात टाका आणि वर शेण-माती पसरा. बियाणे मात्र शेजारणीकडून, जिचे भात कोरडे राहिले आहे तिच्याकडून, आत्ताच पायलीभर बदलून घ्या. रोहिणीत मागायला गेलात तर तिने ते कांडलेले असेल.